रंग मिसळा, रंग बदला!

कोलकात्यातल्या बेहालाहून डायमंड हार्बर रोडने दक्षिणेला गेलं की जोका इथलं गुरुसदय संग्रहालय लागतं. तिथे बंगालची जुनी पटचित्रं आहेत. ही चित्रं काढणारे पटुआ चित्रकार हळदीपासून पिवळा, गोकर्णाच्या फुलांपासून निळा रंग करतात आणि त्यात बेलफळाचा डिंक घालतात. हेच दोन रंग मुलांना घरीही करता येतील.

• निळा : गोकर्णाची ७-८ फुलं गरम पाण्यात भिजवा. पाणी मोठ्यांनीच ओतावं.
• हिरवा : पाण्यात हळद कालवून पिवळं पाणी करा. थोड्या निळ्या पाण्यात हे हळदीचं पाणी चमच्याचमच्याने मिसळा.
• जांभळा-गुलाबी : उरलेल्या निळ्या पाण्यात लिंबू पिळा.
• तांबडा : हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका.

असं का? हिरव्यात दोन रंग नुसते मिसळतात. लिंबाच्या आम्लाने आणि सोड्याच्या अल्कलीने मात्र रंगद्रव्यच बदलतं.