वादळापूर्वीची शाकारणी

समुद्रापासून दूर वसलेल्या गावांना वादळाचे भय नाही, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. छत्तीसगढची राजधानी रायपूर ही बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, महानदीच्या खोऱ्यातील सपाट मैदानावर वसली आहे. तेथे समुद्राच्या लाटा येत नाहीत हे खरे. परंतु वारा येतो. पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर शाकारण्याची रीत या भागात जुनी आहे. ती पावसाला उद्देशून आहे. छप्पर गळू नये एवढाच तिचा हेतू असतो. ते उडू नये यासाठी मात्र निराळी तयारी करावी लागते आणि ती अधिक लवकर करावी लागते.

दोन प्रकारची वादळे

पहिले वादळ उन्हाळ्यातले. एप्रिल व मे महिन्यांत रायपूरचा पारा वारंवार ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. तापलेल्या भूमीवरील हवा वर चढते. तीत उपसागराकडून येणारी बाष्पयुक्त हवा मिसळली म्हणजे दुपारनंतर गडगडाटी मेघांचे मनोरे उभे राहतात. त्यांतून पडणाऱ्या पावसाच्या थेंबांपैकी काही वाटेतच वाफ होऊन जातात. त्यामुळे भोवतालची हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चोहोकडे पसरते. धुळीचा लोट उठवीत पावसाच्या आधी येणारा तो सोसाटा हाच. महाराष्ट्रात ज्याला वळीव म्हणतात व बंगालमध्ये ज्याला कालबैसाखी म्हणतात, त्याच जातीचे हे वादळ होय. ते बहुधा थोड्याच वेळात ओसरते, पण छप्पर नेण्यास तेवढा वेळ पुरतो.

दुसरे वादळ उपसागराचे. उपसागरात चक्रीवादळे मुख्यतः एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत उद्भवतात. वाऱ्याचा सततचा वेग ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभाग त्यास चक्रीवादळ अशी संज्ञा देतो. अटलांटिक महासागरात प्रबळ झालेल्या अशाच वादळास हरिकेन म्हणतात. समुद्रावरील उष्ण बाष्प हे त्याचे इंधन. जमिनीवर येताच ते इंधन तुटते आणि वादळ क्षीण होऊ लागते; परंतु लगेच नाहीसे होत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमपाशी किनाऱ्यास लागलेले 'हुदहुद' वादळ दुर्बळ होत छत्तीसगढावरून उत्तरेस सरकले. दोनच दिवसांनी त्याच्या अवशेषामुळे नेपाळातील अन्नपूर्णा पर्वताच्या परिसरात प्रचंड हिमवृष्टी झाली. रायपूरच्या वाट्यास अशा वादळांचा जोर सहसा येत नाही; दीर्घकाळ चालणारा पाऊस व झोत येतात.

वारा छप्पर उचलतो

वादळाने छप्पर दाबले जाते व मोडते, ही कल्पना बरोबर नाही. कमी उताराच्या छपरावरून वारा वेगाने वाहू लागला म्हणजे त्यावरील हवेचा दाब कमी होतो आणि आतील हवा छपरास खालून वर ढकलते. त्यातच वाऱ्याकडील खिडकी किंवा दार उघडे असेल तर आत शिरलेली हवा या ढकलण्यात भर घालते. म्हणून वादळात वाऱ्याकडील दारेखिडक्या घट्ट बंद कराव्यात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतका असतो. ताशी १४४ किलोमीटर वेगास तो ९८ किलोग्रॅमच्या आसपास जातो. भारतीय मानकात इमारतींच्या आखणीसाठी रायपूरचा मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, असा धरला आहे. छपरावर नेहमीच एवढा सगळा जोर येतो असे नाही. मात्र कडांवर व कोपऱ्यांवर तो याहूनही अधिक होऊ शकतो. याउलट नालीदार लोखंडी पत्र्याचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला अवघे पाचसहा किलोग्रॅम असते. पत्रा आपल्या भाराने जागेवर राहत नाही. तो बांधलेला असतो म्हणून राहतो.

कौले आणि पत्रा

जुन्या घरांचे छप्पर खापरी कौलांचे. छत्तीसगढी बोलीत अशा छपरास छानी म्हणतात. कौले सुटी असल्याने वादळात काही निसटतात, परंतु त्यांच्या फटींतून आतील हवेला वाट मिळते आणि सांगाडा पुष्कळदा शाबूत राहतो. शिवाय ती दरवर्षी उतरवून पुन्हा बसवावी लागत असल्यामुळे वासे व रिपा यांची तपासणी आपोआप होत असे. पत्र्याने ही मेहनत वाचवली, पण तपासणीही बंद पडली. पत्रा गळत नाही तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. दरम्यान खिळे गंजतात, भोके रुंदावतात आणि वाशाची टोके कुजतात.

पत्र्यावर दगड किंवा विटा ठेवून तो दाबून धरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मोठ्या झोतात दगडासह पत्रा उचलला जातो आणि तोच दगड अंगावर येतो. साध्या खिळ्यांऐवजी वाकड्या टोकाचे बोल्ट व वॉशर वापरावेत आणि कडांना ते अधिक जवळ बसवावेत. परंतु एवढ्याने काम पुरे होत नाही. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरील तुळईला आणि तुळई भिंतीला किंवा खांबाला पक्की जखडलेली असावी. ही एक साखळी आहे. तिची एक कडी सैल असली तर बाकीच्यांचा उपयोग होत नाही. लोखंडी पट्टी किंवा जाड तार यांनी ती अल्प खर्चात पुरी करता येते. कौलारू छपरात आढ्यावरची व कडेची ओळ चुन्यात किंवा सिमेंटात बसवावी, कारण वारा प्रथम तेथेच शिरतो.

भिंत, जोते आणि अंगण

मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. छपराची वळचण पुरेशी पुढे असावी, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. पण फार पुढे आलेल्या वळचणीस वाराही सहज धरतो, म्हणून तिला खालून टेकू द्यावा. भिंतीच्या भेगा मातीत भुसा कालवून बुजवाव्यात व जोत्याभोवती जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पन्हळी व गटारे पालापाचोळ्याने तुंबलेली असतील तर छपरावरचे पाणी भिंतीतच मुरते.

छपरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या आधीच उतरवाव्यात. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते, हे लक्षात ठेवावे. गच्चीवरील पाण्याची प्लॅस्टिकची टाकी रिकामी असल्यास वारा ती उलथवतो. भरलेली ५०० लिटरची टाकी ५०० किलोग्रॅमची होते व स्थिर राहते. फलक व सौर तावदाने यांचे बोल्ट आवळावेत. कुंड्या व सुटे सामान खाली आणावे.

हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा चार रंगांत दिले जातात. विजेची सूचना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'दामिनी' या उपयोजनेवर मिळते. पण इशारा मिळाल्यावर छपरावर चढणे हे जिवावर बेतू शकते. ती वेळ घरात थांबण्याची असते.

कामाचा काळ

वैशाखातील अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा छत्तीसगढात शेतीच्या नव्या वर्षाचा आरंभ मानतात. मोसमी पाऊस रायपूरला साधारणतः जूनच्या मध्यास पोहोचतो. त्या दृष्टीने वैशाखातील शाकारणी वेळेवर ठरते. वाऱ्याच्या दृष्टीने ती उशिराची आहे, कारण सोसाटे तोवर सुरू झालेले असतात. म्हणून बोल्ट, पट्ट्या, फांद्या व टाक्या यांचे काम फाल्गुनातच उरकावे आणि कौले चाळण्याचे व गटारांचे काम नंतर करावे. ऑक्टोबरच्या वादळांपूर्वी, भाद्रपदात, बांधणी पुन्हा एकदा पाहावी. एका कुटुंबाचे सारे धान्य, कपडे व मुलांची पुस्तके ज्या छपराखाली असतात, त्याची किंमत चार बोल्टांच्या किमतीशी ताडून पाहिली तर हे श्रम थोडेच वाटतील.