जुन्या हत्यारांचे सुटे भाग : मापाचे नाव आणि आट्यांची ओळख

जुन्या हत्याराचा हरवलेला स्क्रू माप सांगितले की बाजारात मिळेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत काही अंशी भाषेनेच निर्माण केली आहे. आपल्याकडील कारागिरांच्या बोलीत इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. अर्धा इंच जाडीचा बोल्ट म्हणजे ‘चार सुती’ बोल्ट. या नावातून जाडी कळते, आटे कळत नाहीत. आणि मळसूत्र भोकात बसणे वा न बसणे हे आट्यांवरही तितकेच अवलंबून असते.

मळसूत्राची ओळख तीन गोष्टींनी पटते : बाहेरील व्यास, इंचाला पडणारे आटे आणि आट्याचा कोन. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांचा आटा सुचविला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा. त्यामुळे चार सुती बोल्टला व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १२ आटे, तर अमेरिकन पद्धतीत १३ आटे असतात. दोन सुती बोल्टला दोन्हीकडे २० आटे असल्याने एकाचा नट दुसऱ्यावर चढतो. परंतु कोन भिन्न असल्याने ती पकड खरी नव्हे. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी १९४८ मध्ये ६० अंशांचा समान आटा मान्य केला. तथापि त्यापूर्वीची हत्यारे आपापल्या आट्यांसह आजही वापरात आहेत.

काही उत्पादकांनी तर या प्रमाणांबाहेरचे आटे वापरले. अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीचा लोखंडी रंधा हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याची मूठ धरून ठेवणाऱ्या सळईचा व्यास सुमारे ५.५ मिलिमीटर असून तिला इंचाला २० आटे असतात. याच व्यासाच्या प्रमाणित अमेरिकन स्क्रूला मात्र २४ किंवा २८ आटे असतात. पात्यावरील दाबपट्टीचा स्क्रू ९/३२ इंचाचा, म्हणजे सव्वादोन सुती, आणि २४ आट्यांचा असतो. दोन सुती त्यात सैल पडतो, अडीच सुती शिरत नाही.

अशा वेळी भोकात नवा टॅप फिरवून ते दोन सुती करण्याचा मोह होतो. मुठीच्या सळईच्या भोकाचे आटेही इंचाला २० च असल्याने हे काम सोपे वाटते. परंतु एकदा भोक मोठे झाले, की मूळ सळई पुढे कधी मिळाली तरी ती त्यात धरत नाही.

म्हणून पुढील क्रम श्रेयस्कर ठरतो. प्रथम व्हर्नियरने व्यास आणि आट्यांच्या गेजने आटे मोजावेत. भोक स्वच्छ करून, तेल लावून स्क्रू केवळ बोटांनी फिरवावा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो अडला, तर बहुधा आट्यांची संख्या वेगळी आहे असे समजावे व पाना लावू नये. त्यानंतर त्याच बनावटीच्या मोडक्या रंध्याचे भाग शोधावेत. तेही न मिळाल्यास लेथवर नवी सळई करावी. तिच्या खालच्या टोकास मूळ आटे पाडावेत. वरचे टोक व त्यावरील पितळी नट दोन्ही हरवले असतील, तर तेथे बाजारात मिळणारे आटे ठेवण्यास हरकत नाही. तडजोड करावयाची ती बदलता येणाऱ्या भागात, मूळ अंगात नव्हे.

पाठचिकित्सेचा अभ्यासक पोथीतील त्रुटित स्थळी आपली दुरुस्ती समासात नोंदवितो, मूळ अक्षरे खरवडीत नाही. हत्याराच्या भोकातील आटे हेही त्याच्या बनावटीची आणि काळाची साक्ष देणारे मूळ लेखनच होय. ‘दोन सुती’ या नावावर विसंबून ते पुसले, तर हत्यार कामास येईल. पण त्याची ती साक्ष कायमची नाहीशी होईल.