गवतकापणीचे यंत्र अडले तर

पावसाळ्यात चाकण-भोसरीच्या कारखान्यांपुढची हिरवळ भराभर वाढते आणि नेमके तेव्हाच बसून चालवायचे गवतकापणी यंत्र अडते. आधी सीट पाहा. तिच्याखाली सुरक्षा-स्विच असतो; सीटवर कोणी नसेल, तर बहुतेक यंत्रे सुरू होत नाहीत. ब्रेक दाबलेला नसेल किंवा पाते फिरवायचा खटका चालू असेल, तरीही स्टार्टर फिरत नाही. नुसता ‘टक्’ आवाज आला, तर बॅटरी चार्ज करा, टर्मिनलवरचा पांढरट थर घासून काढा. स्टार्टर फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर उन्हाळाभर टाकीत पडलेले पेट्रोल बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल शोषते आणि कार्बोरेटर चोंदतो. गवताची टोके फाटून पिवळी पडली, तर पात्याची धार गेली आहे. मात्र पात्याजवळ हात नेण्याआधी किल्ली काढा, स्पार्क प्लगची टोपी उपसून ठेवा. गेलेली बोटे परत येत नाहीत.