गाडीतला स्टिरिओ : कंपनीचा की बाहेरचा?

ऑफिसला जाता-येता रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये जात असतील, तर गाडीतला चांगला आवाज ही चैन नाही, गरज आहे बॉस! पण नवी गाडी घेतली म्हणून लगेच कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठू नका. हल्ली कंपनीच्या स्क्रीनलाच रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधीकधी एसीसुद्धा जोडलेला असतो. स्क्रीन काढली की हे सगळं पुन्हा जुळवायचा खर्च वेगळा. त्यात वायर कापली, तर वॉरंटीवरून वाद ठरलेलाच.

माझा फंडा सोपा आहे. गाडी नवी असेल, तर स्क्रीन राहू द्या आणि आधी दारांतले स्पीकर बदला. कमी पैशांत खरा फरक तिथेच कळतो. कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. गाडी त्याआधीची असेल, तर मात्र बाहेरचा सेट बिनधास्त घ्या. फक्त खोक्यावरच्या ‘५० वॉट × ४’ला भुलू नका, तो क्षणभराचा कमाल आकडा. दुकानदाराला आरएमएस विचारा. तो बहुतेकदा २० वॉटच्या आसपास निघतो! फिटिंग कपलर लावूनच करून घ्या. आणि जुना सेट? माळ्यावर जपून ठेवा, गाडी विकताना कामाला येईल.