दंतविन्यासोपचार

वाकडे किंवा जागा सोडून उगवलेले दात आणि वरच्या-खालच्या जबड्यांची सदोष जुळणी यांचे निदान, प्रतिबंध व दुरुस्ती करणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस दंतविन्यासोपचार म्हणतात. व्यवहारात ही शाखा ‘ऑर्थोडॉन्टिक्स’ व तिच्यातील तारेचे साधन ‘ब्रेसेस’ या नावाने परिचित आहे. तिचा हेतू केवळ सौंदर्यवर्धनाचा नाही. दाटीने उगवलेले दात नीट स्वच्छ करता येत नाहीत, त्यामुळे दात किडण्याचा व हिरड्यांच्या विकारांचा संभव वाढतो. फार पुढे आलेले पटाशीचे दात आघाताने सहज मोडतात.

कारणे : जबड्याच्या मानाने दात मोठे असणे, आनुवंशिकता, दीर्घकाळ अंगठा चोखण्याची सवय, दुभंगलेली टाळू इ. कारणे आढळतात. दुधाचे दात अकाली जाणे हे पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे कारण होय. ‘दुधाचे दात पडणारच’ या समजुतीने किडलेल्या दाढेकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः दुधाची दाढ साधारणतः १० ते १२ वर्षे वयापर्यंत कायमच्या उपदाढेची जागा राखून ठेवते. ती लवकर काढावी लागल्यास मागील कायमची दाढ, जी सु. सहाव्या वर्षी येते, पुढे सरकते व उपदाढेस जागा उरत नाही. जागा राखणारे साधे साधन वेळीच बसविल्यास पुढील दीर्घ उपचार पुष्कळदा टळतो किंवा सोपा होतो.

उपचार : दाताचे मूळ जबड्याच्या हाडात तंतुमय ऊतकाने धरलेले असते. दातावर सौम्य व सतत दाब दिल्यास दाबाच्या बाजूचे हाड अस्थिभंजक कोशिकांमुळे झिजते आणि ताणाच्या बाजूस अस्थिजनक कोशिका नवे हाड तयार करतात. अशा रीतीने दात हळूहळू सरकतो. जास्त जोर लावल्याने काम लवकर होत नाही, उलट मुळास इजा पोहोचते. म्हणूनच उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. जागा अपुरी असल्यास कधीकधी उपदाढा काढाव्या लागतात. शेवटी दात पूर्वस्थितीकडे परतू नयेत म्हणून धारक साधन दीर्घकाळ वापरावे लागते.

फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये दात सरळ करणाऱ्या धातूच्या पट्टीचे वर्णन केले. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड हार्टली अँगल (१८५५–१९३०) यांनी १८९९ मध्ये दंतजुळणीतील दोषांचे वर्गीकरण मांडले. ते अद्यापि वापरात आहे.

वय : मुलाची पहिली तपासणी सु. सातव्या वर्षी करणे इष्ट असते. वाढत्या वयात जबड्याच्या वाढीस काही प्रमाणात वळण देता येते. प्रौढांचे दातही सरकविता येतात, मात्र हिरड्या व हाड निरोगी असावे लागते; जबड्यांतील मोठी विसंगती केवळ तारेने दूर होत नाही, तीस शस्त्रक्रिया लागते.

महाराष्ट्रातील स्थिती : इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी ही संस्था १९६५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. मुंबईतील शासकीय व नायर रुग्णालयाच्या, तसेच पुण्यातील भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात हे उपचार होतात. तथापि तार जुळविण्यासाठी दर चार ते सहा आठवड्यांनी यावे लागत असल्याने अंतर हा या उपचारातील महत्त्वाचा अडसर ठरतो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या परिसरातून शहर जवळ आहे. धरणापलीकडील सह्याद्रीतील गावांतून मात्र प्रत्येक खेपेस शाळेचा वा मजुरीचा दिवस मोडतो. अशा ठिकाणी शालेय तपासणी व दुधाच्या दातांची वेळीच निगा हाच सर्वांत सुलभ दंतविन्यासोपचार होय.