पेन्सिलीआधी कणकेचा गोळा

शेजारचे मूल आपल्या मुलाच्या आधी चालू लागले की अनेक पालक अस्वस्थ होतात. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या दाट वस्तीच्या संकुलांत ही तुलना जिन्यातच सुरू होते आणि मूल तीन वर्षांचे होताच ‘कोणाला किती लिहिता येते’ यावर येऊन ठेपते. ही घाई कितपत योग्य, हे ठरविण्यासाठी बालकाच्या कारक विकासाचा, म्हणजेच हालचालींवरील ताब्याचा क्रम समजून घेणे आवश्यक आहे.

डोक्याकडून पायांकडे

हा ताबा डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे येतो. मूल प्रथम मान धरते, पालथे पडते, बसते आणि मग उभे राहते. त्याचप्रमाणे खांदा, कोपर, मनगट व शेवटी बोटे असा हाताचा प्रवास होतो. आधी मुठीने वस्तू पकडणारे मूल नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलू लागते.

क्रम साधारण सारखा असला तरी वेळ मात्र प्रत्येकाची निराळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील बालकांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराविना बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, तर स्वतंत्रपणे चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा विस्तृत आहे. सुमारे चार टक्के मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्यामुळे दहाव्या महिन्यात चालणारे मूल हुशार आणि पंधराव्या महिन्यात चालणारे मागे, असे मानण्यास आधार नाही.

पांगुळगाडा आणि वॉकर

चाकांच्या वॉकरमध्ये बसविल्याने मूल लवकर चालते, हाही गैरसमजच होय. त्यात मुलाचा भार बैठकीवर असतो, ते केवळ पायाच्या बोटांनी जमीन ढकलते आणि तोल सांभाळण्याचा सराव होत नाही. शिवाय अपघातांचा धोका असतो. कॅनडाने २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्याकडच्या लाकडी पांगुळगाड्यात मूल निदान स्वतःच्या पायांवर उभे राहून चालते. अर्थात, तेथेही मोठ्यांनी लक्ष ठेवायलाच हवे.

मनगट तयार होताना

जन्मतः मनगटाची आठही हाडे कूर्चेच्या रूपात असतात. ती एकेक करून कठीण होत जातात आणि ही प्रक्रिया शाळकरी वयातही चालूच राहते. बोटांचे स्नायू व नजर यांचा मेळही हळूहळूच बसतो. साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला पाहून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकची खूण, तर त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास जमतो. ज्या हाताला तिरकी रेघ अजून साधत नाही, त्याच्याकडून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ गिरवून घेतल्यास अक्षर सुधारत नाही, लिहिण्याचा कंटाळा मात्र येतो.

कोसबाडचा धडा

मीरा रोडवरून जाणारा पश्चिम रेल्वेचाच मार्ग पुढे डहाणूला पोहोचतो. त्या तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले हे कार्य १९५७ मध्ये कोसबाडला आले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यामुळे बिया, खडे, पाने, काड्या अशा परिसरातील वस्तू शिकण्याची साधने बनल्या. मुलांच्या अंगणातच भरणाऱ्या या वर्गातून ‘अंगणवाडी’ची कल्पना रुजली.

फ्लॅटमध्ये अंगण नसले तरी हा धडा लागू पडतो. कणकेचा गोळा मळणे, मटार सोलणे, बटणे लावणे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणे यांतून बोटे तयार होतात. लंगडी, चेंडू झेलणे आणि जिने चढणे यांतून तोल येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास शारीरिक हालचाल व्हावी. तान्ह्या बाळाला जागेपणी, कोणाच्या तरी नजरेखाली, एकूण अर्धा तास पालथे ठेवावे. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरील वेळ एका तासाहून अधिक नसावा.

केव्हा सावध व्हावे?

चौथ्या महिन्याअखेर मान न सावरणे, नवव्या महिन्यापर्यंत न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरणे किंवा आलेले कौशल्य नाहीसे होणे, यांपैकी काहीही आढळल्यास ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी विनामूल्य होते. तुलनेची घाई टाळणे आणि तपासणीस विलंब न करणे, ही दोन्ही पथ्ये पालकांनी सारख्याच काटेकोरपणे पाळणे हिताचे ठरेल.