रनटाइम बदलल्यावर डीसिरियलायझेशन मंद का होते?

बाइट्सच्या प्रवाहातून पुन्हा ऑब्जेक्ट उभारणे म्हणजे डीसिरियलायझेशन. या कामात अल्पकाळ टिकणारे असंख्य ऑब्जेक्ट तयार होतात. म्हणून त्याचा वेग गार्बेज कलेक्टरवरही अवलंबून असतो. जावा ८ मध्ये सर्व्हरवर पॅरलल कलेक्टर आपोआप निवडला जाई; २०१७ मधील जावा ९ पासून ती जागा जी-१ ने घेतली. जी-१ मुळे प्रोग्रॅमचे थांबे लहान होतात, पण एकूण कामाचा वेग काहीसा घटू शकतो. कोड तोच, तरी वेळ जास्त!

निदानासाठी हीपचा आकार तोच ठेवून एकच फाइल दोन्ही आवृत्त्यांवर वाचा. जेआयटी कंपायलर अजून कोड तयार करत असल्याने सुरुवातीच्या फेऱ्या मोजू नका. मग नव्या आवृत्तीत फक्त कलेक्टर बदला. वेळ पूर्ववत झाला, तर कारण सापडले. नाही तर प्रोफाइलरने लायब्ररी तपासा.